माती पाणी प्यायला शिकली
गोदाकाकूंनी हाक मारली म्हणून रेवती तलावावर गेली आणि जागीच थिजली. तलाव रिकामा होता. चिखलात मासे तडफडत होते.

"काल काठोकाठ होता गं! बांधही शाबूत आहे," पाटीत मासे वेचणाऱ्या काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या.

रेवतीने वाकून तळातला चिखल चिमटीत घेतला. इथली चिकण माती पाणी मुरू देत नसे. दर पावसाळ्यात पिकं वाहून जात. म्हणून तिने प्रयोगशाळेत पाणी मुरवणारे जिवाणू घडवून शेतांत सोडले होते. ते शेताबाहेर जगणारच नाहीत, अशी तिची खात्री होती. तलावाचा तळही त्याच मातीचा होता.

तेवढ्यात वरच्या धरणावरून इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, धरणाची मातीची भिंत पाझरायला लागलीय!"

"काकू, राहू द्या ते मासे!" रेवती किंचाळली. "टेकडीकडे पळा!"