रोमचा धडा

अठ्ठेचाळीस साली, निलंग्याजवळच्या शाळेत मी पोरांना उर्दू पुस्तकातून रोमचा धडा वाचून दाखवत होतो. धड्यात होतं, रोमच्या ख्रिस्ती बादशहानं जुन्या देवांची देवळं बंद केली, देवळात शेकडो वर्षं तेवलेला अग्नी विझवला. पुढची ओळ होती, 'मास्तर, लेकरं घेऊन ओढ्याकडं पळा.'

पुस्तक काखेत मारून, लेकरं घेऊन पळालो. तासाभरात हत्यारबंद टोळीनं शाळा जाळली.

निजामी गेल्यावर, दसऱ्याला, त्यातल्याच एका पोराची आई, गुणाबाई, लेकराला घेऊन पाया पडायला आली. "मास्तर, लई उपकार झाले."

"माझे न्हाई, या पुस्तकाचे."

हळदकुंकू वाहायला मी धडा उघडला. ती ओळ नव्हती. तिथं चिमूटभर राख होती.

गुणाबाईनं अंगारा समजून ती उचलली आणि हात झटकला.

"मास्तर, गरम हाय."