काळा पडलेला फिल्टर

ठाकुर्लीचा नाथा मुंबईच्या गोदीत अपघातात गेला, त्याला वर्ष झालं होतं. लष्करी लिलावात घेतलेल्या त्याच्या मोटरसायकलचा ऑइल फिल्टर बदलायला त्याच्या बायकोने, शेवंतीने, ठाण्याच्या महिपत मिस्त्रीला बोलावलं. जुना फिल्टर बाहेर काढताच महिपतच्या अंगावर काटा आला. नाथाच्या शेवटच्या आठवड्यात तो महिपतनेच बसवला होता. मीटर तेव्हापासून जेमतेम दहा मैल पुढे सरकलेला, आणि फिल्टर मात्र वर्षभर गाडी पळवल्यासारखा काळाकुट्ट.

"वहिनी, ही गाडी फिरवतो कोण?"

"कोणी नाय, दादा," शेवंती कुजबुजली. "रोज तिन्हीसांजेला मीच अंगणात उभ्या उभ्या चालू करते. सासूबाई आंधळ्या, लेकाशी त्यांचा अबोला होता. तो गेल्याचं त्यांना सांगितलंच नाय. आवाज ऐकला, की तो आला समजून जेवतात."

महिपतने जुन्याशी लांबी ताडून पाहून सोबत आणलेल्या दोन नव्यांतला नेमका फिल्टर निवडला, बसवला आणि निघाला. ओटीवर नाथाच्या म्हाताऱ्या आईने, ठमाबाईने, चाचपडत त्याचा हात धरला.



"नीट बसवलास ना रे? माझा नाथा गेला, मला ठाव हाय. पण गाडी वाजल्याबिगर शेवंतीच्या घशाखाली घास उतरत नाय."