दाराबाहेरचे बूट

सत्याण्णव साली आमच्या द्वारका चौकातल्या पतसंस्थेत कॉम्प्युटर आला आणि मॅनेजर गायधनी साहेबांनी त्याला एसीची खोली करवून घेतली. धूळ जाते म्हणून चपला-बूट बाहेर काढायचे, आणि दाराशी साहेबांचे बूट दिसले की आत महत्त्वाचं काम चालू आहे, कोणीही दार उघडायचं नाही, हा त्यांचाच नियम. ते महत्त्वाचं काम मी एकदा फटीतून पाहिलं होतं. स्क्रीनवर पत्त्यांचा डाव मांडलेला; पाच-पाच पानांच्या ओळी लावायच्या आणि उभ्या-आडव्या जोड्या, नाहीतर पाचही पानं एकाच रंगाची म्हणजे कलर, जुळवत बसायचं. मला कधी त्या कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही, आणि वर ‘मोहिनीबाईंना कॉम्प्युटर जमत नाही’ असं अध्यक्षांना सांगून माझी बदली कळवणला ठरवली.

बदलीवर सही करायला अध्यक्ष धनराजभाऊ चांदवडहून आले. “गायधनी कुठायत?”

“बाहेर गेले असतील भाऊ, दाराशी बूट नाहीत त्यांचे. तोवर कॉम्प्युटर तरी बघून घ्या,” म्हणत मी दार सताड उघडलं.

साहेबांनी मान वळवलीच नाही. “कोण कडमडलं? कलरला एकच बदाम हवाय, दार लावा आधी!”

भाऊ पुढे जे बोलले ते अख्ख्या पतसंस्थेने ऐकलं. ते गेल्यावर साहेब नुसत्या मोज्यांवर माझ्यापुढे येऊन खेकसले, “नियम माहीत नाही तुम्हाला?”

“नियमानेच वागले साहेब. दाराशी बूट कुठे होते?”


आणि माझ्या टेबलाखालचे त्यांचे बूट मी पायानेच आणखी आत सरकवले.