मोकळ्या वाळूत

कुंपणाचं दार सताड उघडलं, तरी जंगली उंटाचं पिल्लू हलेना. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी रिकामा डबा बडवला, तेव्हा ते एकदाचं बाहेर पडलं. चांगलं पुरुषभर उंच झालं होतं. पिल्लू म्हणायचं ते आपलं सवयीनं.

त्याच्या आईला शिकाऱ्यांनी मारलं, तेव्हापासून राखणदाराच्या पाळीव उंटिणीनं त्याला दूध पाजलं होतं. डॉक्टरांचा नियम कडक. पिल्लाला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, लाड तर मुळीच नाहीत. माणसाला भ्यायलं तरच ते बाहेर जगेल. राखणदार आणि त्याची बायको, दोघांनीही नियम डोळ्यांत तेल घालून पाळला.

"एका शब्दानं बोललो नाही त्याच्याशी," राखणदार म्हणाला. "हिच्याशी तरी कधीमधी बोलतो."

बायको हसली नाही. तिचा जीव वाळूच्या चढाकडे निघालेल्या त्या पिल्लात अडकला होता.

इकडे उंटीण बिथरली. कुंपणाला छाती लावून ओरडायला लागली. ती मागोमाग धावेल म्हणून बायकोनं तिची दोरी धरली आणि रोज पाण्याची पिंपं लादताना तिला बसवायला द्यायची तोच आवाज दिला.

"झै, झै."

उंटिणीनं मुकाट्यानं पुढचे गुडघे टेकले, मग मागचे.

तिकडे चढावर पिल्लू मागे वळलं आणि त्यानंही टेकले.

डॉक्टरांच्या हातातला डबा तसाच राहिला. "याला हे कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही," राखणदार म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"हिला रोज बसताना बघत होतं ते," बायको हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी डबा खाली ठेवला. "बरं, उठव त्याला. जाऊ दे लांब."

"मी सांगितलं की उठेल, डॉक्टर. पण तिकडे बंदूकवाल्यानं बस म्हटलं, तर?"

"अगं, ते सांगतायत ना," राखणदार खेकसला. "उठव."

एरवी नवऱ्याच्या एका शब्दावर उठणारी ती आज ओठ घट्ट मिटून उभी राहिली. पिल्लू आपलं आपण उठावं, एवढंच तिला हवं होतं.

ऊन चढलं. समोर कुंपण नाही, दोरी नाही, नजर जाईल तिथवर वाळू. आणि पिल्लू त्या वाळूकडे पाठ करून, दाराकडे बघत, हुकमाची वाट पाहत बसलं होतं.