आपलं कोणी नसलेलं शहर

लग्नानंतर भाग्येश आणि रंजिता जिथे जिथे फिरायला गेले, तिथे नात्यातलं कोणीतरी निघालंच. सापुताऱ्याला आत्याचे व्याही, गोव्याला मामेभावाचं सासर. मग हॉटेल रद्द, आणि झोपायला बायका आतल्या खोलीत, पुरुष गच्चीवर.

यंदा रंजिताने मोबाइलवर थेट हवाना शोधून काढलं. पार क्यूबा देशात, समुद्राकाठी, स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं शहर. रंगीत हवेल्या, दगडी गल्ल्या, आणि ओळखीचं एकही माणूस नाही!

रनाळ्याच्या घरी सासूबाईंना, म्हणजे निर्मलाबाईंना, हे काही पटेना. त्यांनी खापरपासून सुरतेपर्यंत सगळ्या नातलगांना फोन लावले. हवानात आपलं कोणी म्हणजे कोणीच निघालं नाही. रंजिता स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली.

भाग्येशने हळूच विचारलं, "मंग तिकिटं काढू का, माय?"

"काढ ना. पन तठे आपलं कोनीच नही, मंग तुम्हले एकलं कसं धाडसूत? मी, तुन्हा बाप, मामा, मामी, आम्ही आजच पासपोर्टना फोटू काढी उनूत."