विसावं नाव

साडेदहाला एकोणीस होती. जयमालाबाईंनी वर्गाबाहेरच्या चपला मोजल्या, मग पोरं मोजली, मग पुन्हा चपला. आकडा हलला नाही.

"वीस हवीत, मॅडम," खुर्चीत टेकलेले शेखर साहेब म्हणाले. ते पंचायत समितीचे विस्तार अधिकारी. चाकणच्या कंपन्यांमागे दडलेल्या चिंचमळ्याच्या शाळेचा पट तपासायला आले होते. "विसाच्या आत असेल तर बंदचा शेरा. आज हजर असेल तेच पोर धरायचं. अकराला मी सही करतो."

"काल वीस होती, साहेब. नांदेडच्या कुटुंबाने पहाटे टेम्पो भरला. बापाचं कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं."

"काल मी आलो नव्हतो."

बंद म्हणजे पोरांनी कंटेनर चुकवत हायवे ओलांडायचा आणि तीन किलोमीटरवरच्या शाळेत जायचं. त्यातली निम्मी घरीच बसणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. मोठ्या मुली तर सगळ्याच.

हजेरीपटावर सात लातूरची, पाच वाशिमची, चार बीडची, तीन जळगावची. गावच्या घरचं एकही नाही. ती पोरं टाय लावून पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जात.

"निदान वाचन तरी ऐका," बाई म्हणाल्या. "उत्कर्षा, ऊठ."

लातूरची उत्कर्षा, तिसरीतली. साहेबांच्या हातातलं परिपत्रकच बाईंनी तिच्यापुढे धरलं. 'संदर्भाधीन' आणि 'कार्यवाहीस्तव' हे शब्दसुद्धा तिने न अडखळता वाचले. ते वाचताना मोठ्या माणसांना धाप लागते.

साहेबांनी मनापासून मान हलवली. "तालुक्यात असं वाचणारी शाळा दुसरी नाही. पण या फॉर्मात वाचनाचा रकाना नाही, मॅडम. पटाचा आहे."

"फॉर्म करणाऱ्याला नुसतं मोजताच येत असेल."

साहेबांनी घड्याळ बघितलं. दहा चाळीस.

बाहेर कट्ट्यावर दौलतराव बसले होते. शाळा समितीचे अध्यक्ष. शाळेची अठरा गुंठे जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, आणि बक्षीसपत्रात अट होती: शाळा बंद पडली तर जागा वारसांकडे परत. गुंठ्याचा आजचा भाव चिंचमळ्यातल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होता. गेल्या महिन्यात मोजणीवाले येऊन चुन्याच्या खुणा करून गेले, तेव्हा दौलतराव याच कट्ट्यावर बसून गप्प बघत होते.

पोरं राहत ती चाळही त्यांचीच. बाकीचे मालक सड्या पोरांना चढ्या भाड्याने खोल्या देत. दौलतराव मात्र लेकुरवाळ्यालाच देत. कुटुंब भाडं बुडवत नाही, एवढाच त्याचा अर्थ गावाने लावला होता. आणि रोज सकाळी त्यांचा एकच प्रश्न असे, "बाई, आज किती?"

आजही त्यांनी तोच विचारला.

"एकोणीस," बाई म्हणाल्या. "झालं समाधान?"

"नांदेडवाला गेला व्हय?"

"तुम्हाला माहीत नसेल होय? खोली तुमची. चार दिवस थांब म्हणाला असतात, तर थांबला असता तो."

"म्हणलं की. भाडंबी नको म्हणलं. काम न्हाई तिथं कोन थांबतंय, बाई?"

"राहू द्या, दौलतराव. गुंठे मोजून झाले, आता पोरं मोजताय. आम्हाला काय दिसत नाही?"

दौलतराव उठले, जीपमध्ये बसले आणि धुरळा उडवत गेले. पेढे आणायला गेले असतील, असं बाईंच्या मनात आलं.

त्यांनी वीटभट्टीच्या मुकादमाला फोन लावला. त्याने उचलला नाही. खडी क्रशरवरच्याने उचलला. त्याच्याकडची पोरं दिवाळीलाच गावी गेली होती, ती परतलीच नव्हती.

दहा पंचावन्नला साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"पाच मिनिटं आहेत अजून, साहेब."

"शेरा लिहायला तेवढी लागतातच."

तेवढ्यात जीप परत आली. दौलतरावांनी मागचं दार उघडलं आणि त्यांची नात स्वरूपा खाली उतरली. आठ वर्षांची, गळ्यात टाय, पायांत चकचकीत बूट. पुढच्या चौकातल्या इंग्रजी शाळेतून, चालू तासातून उचलून आणलेली. काय चाललंय हे तिला कळत नव्हतं.

"घ्या नाव," दौलतराव म्हणाले. "तिसरीत."

"आधीच्या शाळेचा दाखला?" साहेबांनी विचारलं.

"मागनं येईल. दाखल्यावाचून वयावर घेता येतं, कायदा हाय. तुमीच म्हनला हुता की मीटिंगला."

म्हणाले होते खरे. साहेबांनी मान डोलावली. बाईंनी हजेरीपटावर विसावं नाव लिहिलं. स्वरूपा बूट काढून उत्कर्षाशेजारी जाऊन बसली. साहेबांनी दोनदा मोजलं, 'सुरू ठेवण्यास योग्य' असा शेरा मारला आणि चहाला नको म्हणून निघून गेले.

बाईंचे डोळे भरून आले. साऱ्या गावाने, आणि सगळ्यांत आधी त्यांनी स्वतः, या माणसाला जमिनीचा हावरा ठरवलं होतं. आणि त्याने शाळेसाठी घरचं पोर आणून बसवलं. माफी मागायला त्या कट्ट्याकडे गेल्या. दौलतराव पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते.

"हां, शालन. शाळा न्हाई पडत बंद, सांग तुझ्या वकिलाला. बाकीच्या जमिनीवर तुमी तिघी बहिणींनी हक्कसोडीच्या सह्या दिल्या, तशा ह्या अठरा गुंठ्यावर दिल्या असत्या, तर ही शाळा मी कवाच पाडली असती."