बाबांएवढी मेणबत्ती
ग्रीसमधल्या तिनोस बेटावर शाळेच्या सहलीची बोट लागताच फोतिनीनं बाबांएवढ्या उंचीची नवसाची मेणबत्ती घेतली. “बाई, आधी चर्चला जाऊ या ना! आज बाबांचं ऑपरेशन आहे.” इतिहासाच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. “चर्चमधली देवमाता मेरी कुठे पळून जातेय? आधी प्राचीन देऊळ, किल्ला, म्युझियम.” मेणबत्ती खांद्यावर टाकून फोतिनी भर उन्हात सगळ्या अवशेषांतून हिंडली. “अगं, बाप आहे की विजेचा खांब?” पोरं चिडवत होती, तीही हसत होती. म्युझियमच्या दारात बाईंचा फोन वाजला. फोतिनीची आई होती. “ते गेले, बाई. घरी येईपर्यंत तिला सांगू नका.” संध्याकाळी चर्चमध्ये उन्हानं वाकलेली मेणबत्ती, मेणबत्त्या रोवायला ठेवलेल्या वाळूत उभी राहीना. “बाई, जरा धरा ना. बाबा ताठ उभे राहायला हवेत.” बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. फोतिनीनं काडी ओढली. “उशीर नाही ना झाला?”